असीरगडाच्या छायेतील तब्रीझी कवी

खांडव्याहून बुऱ्हाणपूरकडे येताना सातपुड्याच्या खिंडीवर असीरगड दिसू लागला, की दक्षिणेचे दार जवळ आले असे समजावे. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने फारुकी सुलतानांकडून हा गड घेतला. पुढे पेशव्यांचे व शिंद्यांचे निशाणही येथे फडकले. गडाचा हा इतिहास आपल्या घरोघरी ठाऊक असतो. परंतु याच गडाच्या छायेत, वीस किलोमीटरांवरील बुऱ्हाणपुरात, फारसी भाषेचा एक श्रेष्ठ कवी राहून गेला, हे फारसे कोणी सांगत नाही. त्याचे नाव साइब तब्रीझी.

घराणे अझरबैजानातील तब्रीझचे, घरची बोली तुर्की, पित्याचा व्यवसाय व्यापार. शहा अब्बासाने तब्रीझचे व्यापारी इस्फहानला वसविले, त्यांत हे कुटुंबही होते. तरुण साइब हिंदुस्थानच्या वाटेला लागला आणि काबूलला त्याची जफरखानाशी गाठ पडली. हा मोगल सुभेदार स्वतः ‘अहसन’ या नावाने कविता करी. आश्रयदाता आणि कवी यांचे नाते येथे मैत्रीचे झाले, आणि जफरखान दक्षिणेच्या मोहिमेवर निघाला तेव्हा साइबही त्याच्यासोबत बुऱ्हाणपुरास आला.

ते दिवस भयंकर होते. १६३० मध्ये शहाजहानने खानजहान लोदीचे बंड मोडण्यासाठी आणि निजामशाहीवर चालून जाण्यासाठी बुऱ्हाणपुरात तळ दिला. त्याच वर्षी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. त्याच वर्षी पाऊस फिरला आणि गुजरात-दख्खनमध्ये असा दुष्काळ पडला की गावेच्या गावे ओस पडली. जून १६३१ मध्ये मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात येथेच वारली. तापीपलीकडील झैनाबादच्या बागेत तिला सहा महिने विसावा मिळाला. मग तिचा देह आग्र्यास नेण्यात आला.

शहर मात्र साइबला सर्वस्वी परके वाटले नसावे. खानखाना अब्दुल रहीमच्या काळात येथे बांधलेला कुंडी भंडारा, म्हणजे डोंगराचे पाणी भूमिगत बोगद्यांतून शहरात आणणारी योजना, ही इराणी कनातींचीच बहीण. आणि १५९० च्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला.

येथेच त्याला वार्ता मिळाली, की त्याला परत नेण्यासाठी त्याचे वडील इराणहून आग्र्यास आले आहेत. वडील सत्तर वर्षांचे. साइबने आपल्या आश्रयदात्यांना एक कसीदा लिहून रजा मागितली. इस्फहान सोडून सहा वर्षे उलटली, वृद्ध पित्याचे ऋण अपार आहे, आणि तो अश्रू ढाळीत इतक्या दूर आला आहे, असे त्याने त्यात मांडले. दरबारी कसीद्यात स्तुतीचे पूर येतात. एका मुलाने घरी जाऊ द्या म्हणून विनविणे आम्हाला त्याहून मोलाचे वाटते. पेशवे-शिंदे-होळकरांच्या मागोमाग इकडे आलेल्या आपल्या पूर्वजांपैकी किती जणांनी अशी रजा मागितली असेल, आणि किती जणांना ती मिळाली नसेल!

साइबलाही ती लगोलग मिळाली नाही. १६३२ मध्ये जफरखान काश्मीरच्या कारभारावर गेला, साइब त्याच्यासोबत तेथे गेला, आणि त्यानंतरच पितापुत्रांनी इराणची वाट धरली.

हिंदुस्थानात रुजलेल्या फारसी काव्यरीतीला पुढे ‘सबक-ए-हिंदी’ हे नाव पडले, आणि साइब तिचा अग्रणी मानला जातो. शेराच्या एका ओळीत तो विधान करतो, दुसऱ्या ओळीत नित्याच्या दृश्याचा दाखला देतो. आपल्या अलंकारशास्त्रात याला दृष्टान्त किंवा अर्थान्तरन्यास म्हणता येईल. मातृभाषा तुर्कीतही त्याने थोड्या गझला रचल्या. दुसऱ्या शहा अब्बासाने त्याला राजकवी केले. १६७६ च्या सुमारास तो इस्फहानात वारला. तेथे एका बागेत त्याची कबर आहे.

बुऱ्हाणपूरच्या त्या रजेची हकीकत नोंदवून ठेवली आझाद बिलग्रामी यांनी. त्यांचे उत्तरायुष्य औरंगाबादेस गेले आणि ते विसावले आहेत खुलताबादेस.