दुसऱ्याचे पुडके, आपली बॅग

परदेशप्रवासाच्या आदल्या रात्रीचे दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. दिवाणखान्यात बॅगा उघड्या आहेत, खाखऱ्यांची पाकिटे मोजली जात आहेत, वजनकाटा पुन्हा पुन्हा पुढे येत आहे. इतक्यात दार वाजते. नात्यातल्या एक काकू बांधलेले पुडके घेऊन येतात. "तुम्ही चाललाच आहात, तर एवढे आमच्या ताईला पोचवा." वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणण्यास जीभ रेटत नाही. पुडके बॅगेत जाते.

अनोळखी देशात सुरक्षित कसे राहावे, याचा विचार करताना आपल्याला खिसेकापू आठवतात, अपरात्रीची टॅक्सी आठवते. परंतु सर्वांत मोठे संकट कधी कधी आपल्याच घरातून, आपल्याच हाताने बॅगेत भरले जाते.

जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक तरुण दांपत्य कतारला गेले. नात्यातील एका स्त्रीने ही सहल त्यांना भेट दिली होती आणि सोबत एक पुडकेही दिले होते. त्यात जर्दा आहे, असे सांगितले होते. दोहा विमानतळावर ते उघडले तेव्हा त्यातून सुमारे चार किलो चरस निघाले. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गर्भवती होती; कन्येचा जन्म कैदेतच झाला. इकडे कुटुंबीयांनी तक्रार केली, अमली पदार्थविरोधी यंत्रणेने तपास केला आणि दोघांची फसवणूक झाल्याचे समोर आले. मार्च २०२१ मध्ये तेथील न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. एप्रिलमध्ये ते मायदेशी परतले. निरपराध माणसांची पावणेदोन वर्षे एका पुडक्यापायी गेली.

आपला पासपोर्ट आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापला जातो, याचा नाशिककरांना सार्थ अभिमान आहे. त्याच्या आतील पानावर भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने परदेशी अधिकाऱ्यांना विनंती केलेली असते की, या व्यक्तीस विनाअडथळा जाऊ द्यावे व आवश्यक ते साहाय्य आणि संरक्षण द्यावे. ही विनंती माणसासाठी आहे. बॅगेत काय आहे याची हमी पासपोर्ट देत नाही; ती ज्याची बॅग, त्यानेच द्यायची असते.

खरे तर ही गोष्ट व्यापारी घराला शिकवावी लागू नये. गाठ सोडून माल पाहिल्याशिवाय आपण पावतीवर सही करीत नाही. मग समोरचा कितीही जुना आडत्या असो. त्यात अविश्वास नसतो, ती पेढीची रीत असते. हीच रीत बॅगेलाही लावावी.

शिवाय देणाऱ्याचा हेतू निर्मळ असला, तरी वस्तू निषिद्ध असू शकते. आपल्याकडे अनारशावर खसखस लावतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या तेथे नियंत्रित औषधांत मोडतात. म्हणून जाण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा सरकारी संकेतस्थळावर नियम पाहावेत, आवश्यक तेथे पूर्वपरवानगी घ्यावी. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

एवढे करूनही अटकेचा प्रसंग आलाच, तर १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या दूतावासाला कळविण्याची मागणी करण्याचा हक्क प्रवाशाला आहे. तो शांतपणे, पण ठामपणे मागावा. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये, दुभाषा मागावा. घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते. पासपोर्ट हरवल्यास तेथील पोलिसांकडे नोंद करून दूतावासाकडून परतीसाठी आपत्कालीन प्रमाणपत्र मिळविता येते. म्हणूनच पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि तिकिटे यांच्या प्रती घरी एका जबाबदार माणसाकडे ठेवाव्यात. रोजमेळ आणि खतावणी अशी दुहेरी नोंद ठेवणाऱ्यांना हे अवघड नाही.

राहता राहिला प्रश्न दारात उभ्या असलेल्या काकूंचा. हा नकार नव्या सुनेवर किंवा कॉलेजातल्या मुलावर सोपवू नये. घरातील ज्येष्ठांनीच एकदा नियम घालून द्यावा आणि तो सर्वांना सांगावा: "आमच्या घरात परदेशी जाताना कोणाचेही बंद पुडके नेत नाहीत. पत्ता द्या, आपल्या नावाने कुरिअर करू, खर्च आमचा." नियम घराचा झाला की नकार व्यक्तीचा राहत नाही. काकू कदाचित घटकाभर रुसतील. पण त्यांच्याही घरचे मूल उद्या परदेशी निघेल, तेव्हा हाच नियम त्यांच्या उपयोगी पडेल.