नाव बदललं, पाटी बदलली का?

बालदोस्तांनो, समजा तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातल्या ‘विज्ञान’ या कपाटाचं नाव बाईंनी बदलून ‘निसर्ग’ केलं. नवी चिठ्ठी डकवली, दोन मिनिटांत काम फत्ते! पण खरंच झालं का काम? पुस्तकांच्या नोंदवहीत जुनंच नाव आहे. दारावरच्या तक्त्यातही तेच. आता शाळेत नवीन आलेला मुलगा तक्ता वाचून ‘विज्ञान’चं कपाट शोधत बसणार!

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमी येतो. मोठा प्रोग्रॅम एका लांबलचक फाइलमध्ये लिहीत नाहीत. त्याचे वेगवेगळ्या कामांचे तुकडे करतात. अशा एका तुकड्याला ‘मॉड्यूल’ म्हणतात. एका तुकड्याला दुसऱ्याची मदत हवी असली, की तो त्याला नावाने हाक मारतो. ही हाक म्हणजे ‘इम्पोर्ट’. आणि कोणता तुकडा कसा वापरायचा हे माणसांना समजावून सांगणारं लेखन म्हणजे ‘डॉक्युमेंटेशन’. मॉड्यूलचं नाव बदललं, तर ही हाकही बदलायला हवी आणि लेखनही.

याचं एक मोठं उदाहरण पाहू या. गीडो व्हान रॉसम या डच प्रोग्रॅमरने तयार केलेली ‘पायथन’ ही संगणकभाषा १९९१ मध्ये लोकांपुढे आली. पुढे ३ डिसेंबर २००८ रोजी तिची तिसरी आवृत्ती निघाली. मॉड्यूलची नावं छोटी आणि लहान लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत असावीत, असा पायथनकारांचा नियम होता. पण काही जुनी नावं तो पाळत नव्हती. म्हणून ती बदलली. पडद्यावर खिडक्या आणि बटणं काढणारं ‘टीकिंटर’ कॅपिटल ‘टी’ने सुरू होई, ते लहान ‘टी’ने लिहायचं ठरलं. रांग लावणाऱ्या ‘क्यू’ मॉड्यूलचंही पहिलं अक्षर लहान झालं.

तुम्ही म्हणाल, ‘हात्तिच्या! एका अक्षराचा तर फरक!’ पण पायथनला तेवढा फरकही चालत नाही. जुन्या नावाने हाक मारली, की ‘या नावाचं मॉड्यूल नाही’ असं सांगून प्रोग्रॅम तिथेच थांबतो.

मग सगळीकडे जुनं नाव शोधून नवं टाकलं, की झालं? तिथेच तर गोम आहे! ‘क्यू’ मॉड्यूलच्या आत ‘क्यू’ याच नावाची एक वस्तू आहे आणि तिचं पहिलं अक्षर अजूनही कॅपिटलच आहे. डोळे मिटून सगळीकडे अक्षर बदललं, तर बरोबर असलेलंही बिघडेल. ‘यूआरएल-लिब-टू’ या मॉड्यूलची गंमत तर आणखी वेगळी. त्याची वाटणी होऊन काही भाग एका नव्या मॉड्यूलमध्ये गेला, काही दुसऱ्यात. कोणती हाक कुणाला मारायची, हे प्रत्येक ठिकाणी विचार करूनच ठरवावं लागतं.

या कामासाठी पायथनकारांनी ‘टू-टू-थ्री’ नावाचं साधन दिलं होतं. ते जुन्या हाका शोधून बदलून देई. (काम संपल्यावर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत ते काढून टाकलं.) दोन्ही आवृत्त्यांवर चालणारे प्रोग्रॅम लिहिता यावेत, म्हणून ‘सिक्स’ नावाचं आणखी एक साधन निघालं. ‘सिक्स’च का? दोन गुणिले तीन किती? सहा! आहे की नाही गंमत?

मात्र एवढं करूनही बदललेला प्रोग्रॅम चालवून पाहावाच लागतो. तोही सगळा! कारण एखादी हाक क्वचित लागणाऱ्या भागात लपलेली असते. तो भाग चालेपर्यंत चूक कळतच नाही.

आणि आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. हाक चुकली तर संगणक लगेच ओरडतो. पण माहितीच्या पानावर जुनं नाव राहिलं, तर ओरडणार कोण? कागद गप्पच बसतो. भुर्दंड पडतो तो वाचणाऱ्याला. एखादी मुलगी जुन्या पुस्तकातलं ‘टीकिंटर’चं उदाहरण अक्षरन् अक्षर उतरवून घेते, तरी प्रोग्रॅम चालत नाही. मग तिला वाटतं, ‘मला हे जमणारच नाही.’ चूक तिची नसतेच! चूक असते नाव बदलूनही न बदललेल्या पानाची. आईबाबांनो, मुलं अशी अडली, तर रागावण्याआधी पुस्तक कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते जरूर पाहा.

पायथनकारांनी मात्र इथे एक शहाणपण केलं. दुसऱ्या आवृत्तीच्या माहितीत जुन्या नावाच्या पानावरच त्यांनी टीप दिली, की तिसऱ्या आवृत्तीत या मॉड्यूलचं नाव बदललं आहे, नवं नाव अमुक. वाट चुकलेला माणूस जिथे येणार, तिथेच पाटी लावली!

तेव्हा दोस्तांनो, तुम्ही प्रोग्रॅम लिहीत असाल, तर नाव बदलण्याआधी ते कुठे कुठे आलं आहे, याची यादी करा. मग हाका बदला. सगळं चालवून पाहा. त्याच दिवशी माहितीतली नावं आणि उदाहरणंही सुधारा. इतर लोक तुमचं मॉड्यूल वापरत असतील, तर जुनं नाव काही दिवस चालू ठेवा आणि ‘आता नवं नाव वापरा’ अशी सूचना द्या. शेवटी, ज्याने तो प्रोग्रॅम कधीच पाहिलेला नाही, अशा मित्राला फक्त तुमची माहिती वाचून तो चालवायला सांगा. तुम्हाला काही न विचारता त्याला तो चालवता आला, की समजा, नाव आता खरंच बदललं!