घर आणि ऋतू : लेखांक नववा — दुपारची ऊब पहाटेपर्यंत

गेल्या लेखांकात पावसाळ्यात भिंतीत मुरलेल्या ओलीचा विचार केला; आता पौष-माघाच्या गारठ्याकडे वळू. मुंबईला थंडी पडतच नाही, हा समज कुलाब्याच्या अनुभवावर बेतलेला आहे, आणि तो अनुभव बोरिवलीच्या डोंगरउतारावर, आरेच्या पाड्यांत किंवा मुलुंडच्या पायथ्याशी पत्र्याखाली झोपणाऱ्या कुटुंबास लागू पडत नाही. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला, तेव्हा कुलाब्याची नोंद ११.७ अंशांची होती. एकाच शहरात चार अंशांचे हे अंतर पाडले ते समुद्राच्या सान्निध्याने. आणि सांताक्रूझहून उत्तरेस, राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांलगत, गारठा सामान्यतः याहूनही कडक असतो, कारण रात्री डोंगरमाथ्यावर थंड होऊन जड झालेली हवा पाण्यासारखी उताराने ओघळत खालच्या वस्त्यांत येऊन साठते.

परंतु उपाय योजण्यापूर्वी आपल्या थंडीचा स्वभाव नीट ओळखला पाहिजे, आणि माझ्या मते या विषयाचे सारे मर्म तेथेच आहे. हिमप्रदेशात थंडी दिवसरात्र ठाण मांडून बसते, म्हणून तेथील गृहस्थास उष्णता विकत घ्यावी लागते. आपल्याकडे मात्र जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या घरात जातो आणि पहाटे सोळा-सतरापर्यंत, क्वचित त्याही खाली, उतरतो. अर्थात सूर्य आपल्याला दररोज पुरेशी ऊब विनामूल्य देतच असतो. आपण ती पहाटेपर्यंत राखू शकत नाही, एवढेच आपले दुखणे. मग शेगडी, हीटर व विजेचे बिल या खर्चाच्या बाबी मागे पडतात, आणि फटी, पत्रा व अंथरूण या तीन ठिकाणी बंदोबस्त केला म्हणजे बहुतेक काम भागते.

सबब पहिला नियम वेळेचा. सकाळी ऊन चढले, बाहेरची हवा खोलीतल्या हवेहून उबदार झाली, की दारेखिडक्या सताड उघडाव्यात, ऊन आत घ्यावे, अंथरुणे उन्हात टाकावीत; आणि सूर्य कलताच, अजून हवेत ऊब आहे तोवर, सारे बंद करावे. पुष्कळ घरी नेमके उलटे घडते: सकाळच्या गारठ्याला भिऊन खिडक्या दुपारपर्यंत मिटलेल्या राहतात आणि संध्याकाळी मोकळ्या हवेसाठी उघडलेली खिडकी रात्री दहापर्यंत तशीच राहते. विटांच्या भिंतीने दिवसभर साठवलेली ऊब अशाने पहिल्या प्रहरातच खर्च होते.

दुसरी बाब फटींची. दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा या दोहोंची नावे आपल्या कोळीबांधवांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अंधेरी-बोरिवलीकडे रात्रीचा वारा बहुधा पूर्वेच्या डोंगरांकडून येत असल्याने तेथे पूर्वेकडील खिडकीचा आधी विचार करावा. मुलुंड-घाटकोपरकडे मात्र डोंगर पश्चिमेस आणि खाडी पूर्वेस, तेव्हा तेथे दिशेचा अंदाज न बांधता प्रत्यक्ष परीक्षा घेणे बरे. परीक्षेचे साधन देव्हाऱ्यातच असते. रात्री पंखा बंद करून पेटलेली उदबत्ती खिडकीच्या कडेने, दाराच्या उंबऱ्यापाशी व छप्पर भिंतीला टेकते तेथे हळूहळू फिरवावी. मात्र पडदे आधी बाजूला करावेत. जेथे धुराची सरळ रेघ एकाएकी आत वळते तेथे चोरवाट आहे असे समजावे.

ही चोरवाट बुजवण्यास पैसा लागत नाही. जुन्या सुती कपड्याच्या चिंध्या पीळ देऊन तावदानाच्या फटीत बोथट सुरीने दाबून बसवाव्यात. बारीक फटींवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या कणकेच्या खळीने चिकटवाव्यात. उंबऱ्यासाठी जुन्या विजारीचा पाय कापून, त्यात वाळू वा चिंध्या भरून, दोन्ही तोंडे शिवून टाकली की दाराखालून येणारा झोत थांबतो. पत्र्याच्या नागमोडी कडेखाली जी भोकांची रांग राहते तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि सर्वांत जास्त वारा तेथूनच येतो. पावसाळ्यासाठी छपरावर घातलेली ताडपत्री दिवाळीनंतर काढून न ठेवता, ती धड असल्यास, महाशिवरात्रीपर्यंत राहू द्यावी. ‘शिव शिव’ म्हणत थंडी परतते ती त्याच सुमारास, आणि तोवर सांध्यांतून येणारा वारा ताडपत्री बऱ्याच अंशी अडवते.

आता पत्रा. लहानपणी आमच्या खोलीत पहाटे अंथरुणावर थेंब पडत, आणि डिसेंबरात पाऊस कसा, याचे कोडे मला फार दिवस उलगडले नव्हते. निरभ्र रात्री धातूचा पातळ पत्रा आपली उष्णता आकाशाकडे भराभर टाकून भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. आमच्याच श्वासांची वाफ त्याला खालून लागून पाणी होई व तेच पाणी टपकत असे. असा थंड पत्रा डोक्यावर असता खाली झोपणाऱ्याच्या अंगची ऊब त्याच्याकडे सतत जात राहते. माझ्या आईने बांबूच्या चटया सुतळीने वाशांना बांधून पत्र्याखाली वीतभर अंतरावर दुसरे छत केले, आणि त्या हिवाळ्यापासून थेंब थांबले. मधली कोंडलेली हवा हेच तेथले खरे पांघरूण होते. कोंडलेल्या हवेसारखा उष्णतेला अडवणारा स्वस्त पदार्थ दुसरा नाही. चूल किंवा गॅस असेल त्याच्या वर मात्र असे छत मुळीच नसावे, आणि थर्माकोलचे तर कोठेच नसावे, कारण ते क्षणात पेटते व त्याचा धूर विषारी असतो.

गोधडीचे सामर्थ्यही याच हवेत आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून घातलेला धावदोरा त्यांना जोडतो, पण आवळीत नाही. म्हणून थराथरात हवा राहते, आणि एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ गोधड्या अधिक ऊब देतात. येथे एक चूक सर्वत्र आढळते ती अशी की, माणसे अंगावर तीन पांघरुणे घेतात आणि अंगाखाली एक सतरंजी. अंगाच्या भाराने खालचा कापूस दडपतो, त्यातली हवा निघून जाते आणि शहाबादी फरशी रात्रभर उष्णता शोषीत राहते. तेव्हा फरशीवर आधी चटई, तीवर खोक्यांचे जाड पुठ्ठे, मग घोंगडी आणि वर गादी असा क्रम ठेवावा. मोठे माणूस झोपेतही सत्तर-ऐंशी वॅटच्या जुन्या बल्बाइतकी उष्णता देत असते. पाच माणसांच्या खोलीत ही जमा साडेतीनशे वॅटच्या पुढे जाते. याउलट हजार वॅटचा हीटर आठ तास चालविल्यास आठ युनिटे जळतात. वृद्धांसाठी रबरी पिशवीत कढत, पण उकळते नव्हे असे पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून पायांशी दिली तर तेवढ्याने त्यांना झोप लागते. तान्ह्या मुलाजवळ मात्र ती ठेवू नये.

शेवटी जे सांगावयाचे ते वरील सर्वांहून महत्त्वाचे आहे. कोळशाची शेगडी बंद खोलीत जळू लागली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसास तो जागे होण्याची संधी देत नाही. न्हाणीघराची खिडकी बंद ठेवून गॅसचा गीझर लावल्याने मुंबईच्या उपनगरांतही माणसे दगावली आहेत. फटी बुजवलेल्या घरात हा धोका वाढतो, कमी होत नाही. म्हणून वाचकांस माझी आग्रहाची विनंती आहे की, या आठवड्यात आपण फटी बुजवावयास बसाल तेव्हा अंथरुणावर थेट झोत येणार नाही असा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा उंचावरील एक झरोका कायमचा उघडा ठेवावा. आणि निजण्यापूर्वी शेगडी विझवून, निखाऱ्यांसकट, दाराबाहेर ठेवावी.