‘कंपनीचे’ आणि ‘बाहेरचे’ : आलिशान मोटारीत मागाहून बसविलेल्या भागांचा विचार

धाराशिव जिल्हा ज्यांच्या नावावरून दीर्घकाळ उस्मानाबाद म्हणून ओळखला गेला, त्या सातव्या निजामांच्या, म्हणजे मीर उस्मान अली खान यांच्या, संग्रहातील एक पिवळी रोल्स-रॉइस प्रसिद्ध आहे. ती मागविली होती त्यांच्या वडिलांनी. परंतु १९११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि गाडी मुलाच्या वाट्यास आली. तिच्या मागील भागात सिंहासनासारखे उंच आसन आहे. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, रोल्स-रॉइस कंपनीने केवळ सांगाडा व इंजिन दिले. वरचा सारा देह लंडनच्या बार्कर या कारखान्याने गिऱ्हाइकाच्या इच्छेप्रमाणे घडविला. त्या काळी हीच रूढ पद्धत होती. अशा गाडीविषयी ‘यातले कंपनीचे कोणते आणि बाहेरचे कोणते?’ हा प्रश्न विचारण्यात अर्थच नव्हता.

आज गॅरेजच्या मराठीत तोच पहिला प्रश्न असतो. ‘कंपनीचं आहे का बाहेरचं?’ या दोन शब्दांनी साऱ्या सुट्या भागांची वाटणी होते. यांतील ‘कंपनी’ हा शब्द पुष्कळ अर्थांतर पावलेला आहे. तो उत्पादकाचे नाव सांगत नाही, तर भरवशाची ग्वाही देतो. ‘ओरिजिनल’ हा त्याचाच पर्याय होय. उलट ‘बाहेरचे’ या एकाच शब्दाखाली दोन निराळ्या वस्तू नांदतात. एक, नाव असलेल्या सुट्या भागांच्या कारखान्यांचा माल. हे कारखाने पुष्कळदा मोटार कंपन्यांनाही भाग पुरवितात. नाशिकला कारखाना असलेली बॉश कंपनी हे त्याचे जवळचे उदाहरण. दुसरी, निव्वळ नक्कल, जिला ‘डुप्लिकेट’ अथवा ‘लोकल’ म्हणतात. एकच भाग कंपनीच्या वेष्टनात ‘कंपनीचा’ ठरतो आणि वेष्टन बदलताच ‘बाहेरचा’ होतो, हे या वर्गीकरणाचे पहिले वैगुण्य.

दुसरे वैगुण्य अधिक खोल आहे, आणि ते आधुनिक आलिशान गाडीतच प्रकट होते. अशा गाड्या मराठवाड्याला परक्या नाहीत. शेंद्रा येथील स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला व पुढे तेथेच ऑडीच्या गाड्यांची जुळणीही होऊ लागली. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दीडशे मर्सिडीज गाड्या एकगठ्ठा खरेदी करण्यात आल्या, त्याचा गवगवा देशभर झाला. एम. एच. २५ या धाराशिवच्या क्रमांकाच्या अशा गाड्याही रस्त्यावर दिसतात. अशा गाडीचा मालक, विशेषतः ती दुसऱ्या हाताने घेतलेली असल्यास, तिच्यात नसलेली एखादी सोय मागाहून बसवू इच्छितो: हवेशीर आसने, चहूबाजूंचे दृश्य दाखविणारा कॅमेरा, अधिक प्रखर दिवे. व्यापारात याला ‘बेस टू टॉप’ म्हणतात. भारतात सोयी सुट्या न विकता बहुधा ‘मॉडेल’च्या पायरीप्रमाणे गठ्ठ्याने विकल्या जातात, या शब्दप्रयोगाचा उगम त्यातच आहे.

आता ‘बसविणे’ या क्रियापदाकडे पाहावे. टायर ‘टाकतात’, फिल्म ‘लावतात’, म्युझिक सिस्टिम ‘बसवतात’. या सर्व क्रिया हाताच्या व पान्याच्या आहेत: भाग जागेवर गेला, बोल्ट आवळला, तार जोडली, की काम संपले. आधुनिक गाडीत काम तेथे संपत नाही. तिच्यात अनेक छोटे नियंत्रक असून ते सामाईक तारांवरून एकमेकांशी सतत संदेशांची देवाणघेवाण करतात. गाडीत कोणत्या सोयी आहेत याची यादी त्यांच्यात नोंदलेली असते. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत हीच यादी तीन-तीन अक्षरांच्या संकेतांनी डिकीतील एका कागदी चिकटपट्टीवरही छापलेली आढळते. नवा भाग या यादीत नोंदविल्याशिवाय गाडी त्याची दखल घेत नाही, अथवा दोषाचा दिवा पेटविते. या नोंदणीस कारागीर ‘कोडिंग’ म्हणतात.

ऑडीत तर दुसऱ्या ऑडीतून काढलेला अस्सल पडदा किंवा ध्वनियंत्र बसविले, तरी कंपनीच्या दूरस्थ संगणकाची संमती मिळेपर्यंत ते पुरते काम करीत नाही. चोरीस आळा घालणे हा यामागील हेतू. म्हणजे भाग कंपनीचा, गाडीही त्याच कंपनीची, आणि तरीही तो त्या गाडीला ‘बाहेरचा’! जुन्या शब्दजोडीत या अवस्थेला जागाच नाही. मालकाची फसगत होते ती येथे. ‘ओरिजिनल आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य खरे असते, पण ते अपुऱ्या प्रश्नाचे उत्तर असते. विचारावयाचे ते असे की, गाडीच्या यादीत याची नोंद कोण करणार, आणि त्यास लागणाऱ्या तारा गाडीत आहेत काय? ऑडी-मर्सिडीजसारख्या गाड्यांत तारांचा जुडगा पुष्कळदा त्या-त्या गाडीच्या मागणीप्रमाणेच विणलेला असतो. न मागितलेल्या सोयीची तार त्यात नसते.

याच्या उलट टोकही आहे. बी. एम. डब्ल्यू. कंपनीने २०२२ मध्ये काही देशांत आसन ऊबदार ठेवण्याची सोय मासिक वर्गणीवर देऊ केली. यंत्रणा गाडीत होती, परवानगी नव्हती. टीकेनंतर २०२३ मध्ये कंपनीने हा मार्ग सोडला. (धाराशिवच्या उन्हाळ्यात या सोयीसाठी कोणी वर्गणी भरली असती असे वाटत नाही.)

निव्वळ बाहेरच्या भागांत धोका निराळा असतो. अनेक आसनांच्या कडेत हवेची सुरक्षा-पिशवी दडलेली असते. तिच्यावर घट्ट शिवलेले जाड आवरण चढविल्यास अपघाताच्या क्षणी ती अडू शकते. पुढील बंपरमागे रडार असलेल्या गाडीला लोखंडी गार्ड लावणे म्हणजे तिचे डोळे झाकणे होय. केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डांविरुद्ध कारवाईचे आदेश राज्यांना दिले, ते पादचाऱ्यांच्या व प्रवाशांच्या जिवाचा विचार करून. साध्या दिव्यांच्या घरात प्रखर दिवे घातले, तर सोलापूर-हैदराबाद महामार्गावर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. मोठी चाके व पातळ टायर शोभतात खरे. पण उमरगा-लोहाऱ्याकडील आडरस्त्यावरील एका खड्ड्याने रिमच वाकते.

कायद्याने भेद आणखी तिसरीकडे केला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम पाहते ते एवढेच, की नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होतो काय. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कठोरपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. त्या कलमात ‘रेट्रोफिटिंग’ हा शब्द स्पष्टपणे आला आहे.

त्याला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. ‘पश्चात्-जोडणी’ असा संस्कृत घाट सहज घालता येईल; पण कारागिराच्या तोंडी तो बसणार नाही. ‘मागाहून बसविलेला’ हे साधे विशेषण अधिक बरे. त्याने कंपनीचा की बाहेरचा हा प्रश्न मोकळा राहतो, आणि भाग गाडीबरोबर जन्मलेला नाही एवढेच सांगितले जाते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यास प्रथम हेच कळणे आवश्यक असते.