कोठीत गोळी नको, दाणा वाळलेला हवा



मृग जवळ आला की आपली एकच लगबग असते, वर्षाचं धान्य भरून ठेवायची. एवढ्या कष्टाच्या धान्याला कीड लागली की जीव हळहळतो. म्हणून काही घरांत दुकानातून गोळ्या आणून कोठीत टाकतात. आज आम्ही त्यांच्याबद्दलच बोलणार आहोत.

या गोळ्या बहुधा अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. त्या गोदामांसाठी आहेत, तिथेही जाणकारांच्या देखरेखीखालीच वापरायच्या. घरासाठी त्या नाहीतच. आपली कोठी मात्र झोपायच्या खोलीत असते आणि पावसात दारंखिडक्या बंद. वायू फटीतून बाहेर येतो. मळमळ, उलट्या, छातीत दडपण, धाप सुरू होते आणि आपण म्हणतो, काहीतरी शिळं खाल्लं असेल. या विषावर उतारा नाही. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही.

गोळ्या आधीच टाकल्या असतील तर कोठीत हात घालू नका, पाणी टाकू नका. दारंखिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढा आणि कृषी सहाय्यकांना विचारा. कुणाला त्रास होत असेल तर त्याला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच 108 ला फोन करा.

मग कीड कशी थांबवायची? आधी ती येते कुठून ते पाहू. कडधान्याच्या भुंग्याची मादी शेतातच शेंगांवर अंडी घालते. तूर-मुगाच्या दाण्यावर बारीक पांढरे ठिपके दिसतात, ती ही अंडी. म्हणजे कीड पुष्कळदा पोत्यातूनच घरी येते आणि ओल मिळाली की वाढते.

म्हणून पहिलं काम वाळवण. गहू, ज्वारी, कडधान्य कडक उन्हात पातळ पसरा. दाणा दाताखाली धरा. कट्कन तुटला तर वाळला, दबला तर अजून ऊन हवं. तांदूळ मात्र सावलीत वाळवा, उन्हात तो तडकतो.

दुसरं, गरम धान्य भरू नका. झाकण लावलं की आत घाम धरतो आणि बुरशी येते. रात्रभर निवू द्या.

तिसरं, कोठी झाडून, पुसून, उन्हात तापवून घ्या. जुनं धान्य नव्यात मिसळू नका. कडधान्याला किलोमागे चमचाभर एरंडेल किंवा गोडेतेल चोळा. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पालाही घाला. तुरीची डाळ करून ठेवली तर भुंगा कमी लागतो.

चौथं, कोठी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. ती पाटावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. रोज उघडू नका. पंधरा दिवसांचं धान्य छोट्या डब्यात काढा, तेही उघडीप पाहून.

एवढं करूनही शेंगदाण्याला किंवा धान्याला बुरशी आलीच, तर ते जनावरांनाही घालू नका. बुरशीचं विष भाजून जात नाही आणि गाईच्या दुधातही उतरतं.

आमच्या गटात आम्ही ठरवलंय, पुढच्या बैठकीत हजेरीबरोबर एक प्रश्न विचारायचा: कुणाच्या कोठीत गोळी आहे का? तुम्हीही विचारा. मूठभर धान्य किडलं तर पाखडता येतं, घरातलं माणूस गेलं तर परत येत नाही.