जुडीचं वजन किती?

सोमवारचा पेपर उघडून मार्केट यार्डाचे बाजारभाव वाचा. रविवारी पुण्यात गुलटेकडीला झालेल्या आवकेचे. गवार, भेंडी, कांदा दहा किलोवर. कोथिंबीर, मेथी शेकडा जुडीवर. लिंबं गोणीवर. मोसंबीपुढे तर कंसात ‘३ डझन’, ‘४ डझन’. सहसा कोणी वाचत नाही असा हा मजकूर, पण माप ठरवण्याच्या दोन अगदी निराळ्या तऱ्हा त्यात एकमेकींना खेटून बसल्या आहेत.

आधी किलो. गाळ्यावरचा इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापन विभागाकडून दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. जुनं लोखंडी वजन हाती लागलं तर उलटं करून पाहा. बुडाला भोक, त्यात शिसं आणि शिशावर निरीक्षकाचा ठसा. लोखंडावर ठसा उमटवणं जिकिरीचं, शिसं मऊ. शिवाय वजन झिजलं की त्याच भोकात शिसं वाढवून भरपाई करता येते. निरीक्षकाची स्वतःची वजनं त्याहून काटेकोर वजनांशी ताडलेली, ती आणखी काटेकोर वजनांशी. असं वर चढत गेलं की दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा लागते. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा चिमुकला दंडगोल आहे, क्रमांक ५७ : पॅरिसजवळच्या मूळ किलोची भारताकडची प्रत.

खरी गंमत पुढेच आहे. शंभरेक वर्षांत तो मूळ किलो आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत पडली. घटलं कोण, वाढलं कोण? मूळ किलो चुकणं शक्यच नव्हतं, कारण तो म्हणेल तोच किलो! अखेर २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या धातूच्या तुकड्यावरून काढून प्लांकच्या स्थिरांकाला बांधली. म्हणजे दहा किलो गवारीचा भाव आता थेट पुंजभौतिकीवर उभा आहे. तोलणाराचं त्यावाचून काही अडत नाही, हे त्या साखळीचं यशच.

आता जुडी. तिला प्लांक नाही, ठसा नाही. बांधणाऱ्या हाताच्या बेतानं ती होते, तेजीत बारीक, मंदीत भरघोस. तरी शेकड्यानं व्यवहार होतात, कारण घेणारा जुडी डोळ्यांनी जोखूनच भाव बोलतो. वरच्या थरात जाड आणि खाली किरकोळ जुड्या लावणाऱ्याचा माल पुढच्या खेपेला घेणारे चाचपून बघतात. यात मला एक शहाणपणही दिसतं : पालेभाजी किलोवर विकली तर पाणी मारून वजन वाढवणं सोपं, जुडीवर विकली की पाण्याला पैसे मिळत नाहीत.

मोसंबीचा कंस म्हणजे तर सांकेतिक भाषाच. डझनाचा आकडा जितका लहान तितकं फळ मोठं. हे कुठल्या नियमावलीत वाचून कोणी शिकलेलं नाही.

रूढीच्या जागी कधीकधी नियमही येतो, पण आपसूक नाही. पोतं शंभर किलोचं, ही भुसार बाजारातली जुनी रीत. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं भांडून ते पन्नासवर आणायला लावलं. हा पन्नासचा आकडा ना प्रयोगशाळेतून आला, ना मुठीतून. तो ओझं वाहणाऱ्याच्या पाठीवरून ठरला.