दिवाळीचे उटणे आणि परसातली सावधगिरी

पुण्यात पाऊस थांबला तरी मुळशीच्या पश्चिम भागात तो सहजासहजी काढता पाय घेत नाही. ताम्हिणीकडे तर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे नवरात्र सरते तेव्हा घराच्या परसात गुडघाभर गवत असते, कुंपणावर वेल चढलेले असतात आणि खाचरात भात पिवळे होऊ लागलेले असते. नेमक्या याच दहा-पंधरा दिवसांत दिवाळीची तयारी येते. उटण्याचे साहित्य वाळवायचे, अंगण करायचे, सरपण हलवायचे, मुलांना किल्ल्यासाठी दगड-माती हवी असते. बागेची आवड असलेल्या घरात हा काळ फार आनंदाचा आणि आरोग्याच्या दृष्टीने थोडा जोखमीचाही असतो. आजच्या लेखात या दोन्ही बाजू पाहू.

उटण्यापासून सुरुवात करू. पाकिटातले उटणे आता कोणत्याही दुकानात मिळते. पण घरी केलेल्या उटण्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक असते, हा त्याचा मोठा फायदा. बागवाल्यांना ज्याचा सर्वांत जास्त वैताग, तो लव्हाळाच पाहा ना. कितीही उपटा, पुन्हा हजर! त्याच्या मुळाशी असलेल्या काळ्या सुगंधी गाठी म्हणजे मोथा. उटण्यातला नागरमोथा त्याच घराण्यातला. गाठी स्वच्छ धुऊन, वरचे तंतू काढून, काप करून वाळवाव्यात. मात्र ज्या बांधावर तणनाशक फवारले असेल तेथील लव्हाळा, तुळस किंवा कोणतीही पाने उटण्यासाठी घेऊ नयेत.

आंबेहळदीच्या बाबतीत काही जण घाई करतात. दिवाळीत हळदीची पाने हिरवीगार असतात, कंद अजून भरायचा असतो. पाने पिवळी पडून सुकली की, म्हणजे पौष-माघाच्या सुमारास, हळद काढतात. म्हणून उटण्याला गेल्या वर्षीची वाळवलेली आंबेहळदच वापरावी. साधी हळद विकत घ्यायची असेल तर पूड न घेता हळकुंडे घेऊन दळावीत. पिवळाधमक रंग यावा म्हणून पुडीत शिसेयुक्त रंग मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला फार घातक.

प्रमाण अगदी काटेकोर असण्याचे कारण नाही. मसुराच्या डाळीचे पीठ चार वाट्या. त्यात आंबेहळद, मोथा, वाळा, गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या आणि तुळशीची पाने यांची पूड प्रत्येकी पाव वाटी, संत्र्याच्या सालीची पूड अर्धी वाटी. पाकळ्या आणि पाने सावलीत वाळवावीत. मुठीत चुरल्यावर त्यांचा चुरचुर आवाज आला पाहिजे. मऊ लागली तर ती अजून ओली आहेत. मुळशीच्या हवेत हीच खरी अडचण. ओलसर पूड बरणीत भरली की तिला बुरशी धरते, आणि तीच पूड आपण आठवड्याने अंगाला चोळतो. मग पुरळ उठले की दोष तेलाला! सगळे वस्त्रगाळ करून कोरड्या काचेच्या बरणीत ठेवावे. दूध किंवा पाणी घालून भिजवलेले उटणे मात्र त्या दिवशीच संपवावे.

काही घरांत उटण्यात बावची घालण्याची पद्धत आहे. ती घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते. ते त्वचेवर राहिले आणि ऊन लागले, तर भाजल्यासारखे लाल चट्टे किंवा फोड येतात. पहाटे अभ्यंगस्नान करून मुले दिवसभर उन्हात खेळणार, तेव्हा हा धोका घ्यायचा कशाला? उन्हात जाण्यापूर्वी लिंबाचा रस अंगाला चोळणेही याच कारणाने टाळावे.

नवे उटणे आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून पाहावे. खाज किंवा लाली आली तर वापरू नये. वर्षाच्या आतील बाळाला उटणे घासूच नये; कोमट तेलाचा हलका हात पुरेसा आहे. इसब असलेल्यांनी, तसेच अंगावर ओली जखम असलेल्यांनी ते टाळावे.

आता कारीट. काही ठिकाणी त्याला चिराटे म्हणतात. नरक चतुर्दशीला ते पायाच्या अंगठ्याने फोडायचे आणि कडू थेंब जिभेला लावायचा, ही आपली जुनी चाल. तो थेंब थेंबच राहावा. काकडी-भोपळ्याच्या कुळातील या फळाचा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो आणि ती पोटात जास्त गेली तर जोराच्या उलट्या व जुलाब होतात. परसात दुधी लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण एरवी गोड असणारा दुधीही क्वचित कडू निघतो. कडू दुधीच्या रसाने गंभीर आजारी पडलेल्या आणि दगावलेल्या लोकांच्या प्रकरणांचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने केला होता. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तात्पर्य साधे आहे. हलव्यासाठी दुधी किसण्यापूर्वी एक लहान फोड चाखावी. कडू लागली तर थुंकून टाकावी आणि अख्खा दुधी खड्ड्यात पुरावा. (कारले अर्थातच याला अपवाद, त्याचा कडूपणा वेगळ्या जातीचा.)

फराळाबद्दल बरेच लिहून झाले आहे, म्हणून एवढेच सांगतो, की चकलीचे काळे पडलेले तेल शंकरपाळ्यांना वापरू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. भात पिकले की उंदीर जमतात, आणि उंदरांच्या मागे साप येतात. भात कापल्यावर पेंढ्याची गंज घराला लागून रचली, तर त्यांना आपण जणू दिवाळीचे आमंत्रणच देतो. गंज आणि सरपण घरापासून शक्य तितके दूर असावे. गवत कापताना पायात गमबूट, हातात जाड मोजे आणि पुढे एक लांब काठी हवी. आधी काठीने गवत हलवावे, मग विळा घालावा. मुळशीच्या झाडोऱ्यात चापडा नावाचा हिरवा साप असतो. तो फांदीवर पानांत मिसळून बसतो, म्हणून जास्वंदीची किंवा करवंदीची जाळी छाटताना नजर वरही ठेवावी.

मुलांचा किल्ला ही महाराष्ट्राची खास दिवाळी. बुरुज, मावळे, वर पेरलेले अळीव, सगळे हौसेचे. पण त्यासाठी दगड आणि विटा मुले उचलतात कोठून? परसातल्या जुन्या ढिगातून. विंचू तेथेच असतो. म्हणून दगड मोठ्यांनी काठीने उलथून द्यावेत, मुलांनी नुसते रचावेत. रिकाम्या कुंड्या उचलतानाही हीच काळजी घ्यावी. लाल विंचवाचा दंश मुलांना विशेष घातक असतो. दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंड पडणे ही त्याची लक्षणे. सह्याद्रीच्या पलीकडे महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात यावर अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाने पुष्कळ जीव वाचू लागले. पण औषध वेळेवर मिळाले तरच उपयोग. मंत्र-तंत्रात तास घालवू नये.

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरते. पलंग कमी पडतात आणि ओसरीवर, पडवीत जमिनीवर अंथरुणे पडतात. मण्यार रात्री हिंडतो, झोपलेल्या माणसाला चावतो आणि अनेकदा दंशाची खूणही दिसत नाही, दुखतही नाही. भल्या पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. अशा वेळी फराळ बाधला असेल, असे समजून घरी थांबणे जिवावर बेतू शकते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावावी आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. रात्री परसात जाताना बॅटरी घ्यावी.

साप चावलाच तर जखम कापू नये, चोखू नये, वर घट्ट दोरी बांधू नये. अंगठी, बांगड्या, पैंजण काढावेत, कारण सूज आल्यावर ते निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ती दूर असेल तर मिळेल ते वाहन घ्यावे. सापाला मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नये. रुग्णालयात साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटांत गोठते का, हे पाहतात. त्यावरून घोणस किंवा फुरशाच्या विषाचा अंदाज येतो. आपल्याकडे मिळणारे सर्पविषावरचे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांच्या विषावर चालते. ते आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात उपलब्ध आहे का, की थेट पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा पुण्याला जावे लागेल, हे वसुबारसेच्या आतच विचारून ठेवावे.

शेवटी एका तापाबद्दल. गवतात फार बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे असतात. ते चावल्यावर काही दिवसांनी सडकून ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू होते. चावलेल्या जागी, बहुधा काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली, काळी खपली दिसते. याला स्क्रब टायफस म्हणतात. वेळीच ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी तो बरा होतो. उशीर झाला तर फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. गवत कापून आल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवावेत आणि साबण लावून अंघोळ करावी. भाऊबीजेनंतर घरात कोणाला असा ताप आला, तर अंगावर खपली आहे का ते नीट पाहावे आणि आपण दिवाळीआधी परस साफ केले होते, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.